जुना कॉम्प्युटर, नवा ब्राउझर आणि एक फॉर्म

ज्यांना हा भाग कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीसारखा लिहून टाकतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे, म्हणजे" काढलेत.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय विषय झाला का राव? विषय आहे ब्राउझर. फोनवर तो गोल रंगीत क्रोम असतो ना, तोच. आपण दिवसातून पन्नास वेळा तो उघडतो आणि एकदाही त्याचा विचार करत नाही. मीपण करत नव्हतो. घरचा जुना कॉम्प्युटर चालू करायची वेळ आली आणि मग करावा लागला.

गोष्ट आमच्या धारूरची आहे. गेल्या ऊसतोडीच्या हंगामातली. बीड जिल्ह्यातले लोक ऐकत असतील तर त्यांना वेगळं सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो. दिवाळी झाली की आमच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांमधून टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. नवरा-बायको दोघं जातात, कोयता घेऊन. पोरं शाळा-कॉलेजची असली तर मागं राहतात, आजी-आजोबांकडं.

आमच्या शेजारची एक मुलगी अशीच आजीजवळ राहिलेली. बारावी सायन्स. नाव सांगत नाही, तिनंच सांगितलंय "दादा, नाव घेऊ नका." तिला प्रवेश परीक्षेची नोंदणी करायची होती. ती एका संध्याकाळी आमच्या घरी आली आणि म्हणली, "दादा, तुमच्याकडं कॉम्प्युटर आहे ना? मला फॉर्म भरायचाय. मोबाईलवर होईना."

मी म्हणलं, "दुकानात का नाही जात? पन्नास-शंभर रुपयांत करून देतील."

तर ती म्हणली, "अकरावीला तिथंच भरला होता स्कॉलरशिपचा. ईमेल त्यांनीच काढला, पासवर्ड त्यांनीच टाकला. आता मला माझाच ईमेल उघडता येत नाही."

ऐकून मी गप्प बसलो. दुकानदारानं काही वाईट केलं असं नाही. त्याच्याकडं रांग असते, दिवसाला कितीतरी पोरं येतात, तो पटापट ईमेल काढतो, पासवर्ड टाकतो. त्याचा ब्राउझर विचारतो, "पासवर्ड लक्षात ठेवू का?" तो हो म्हणतो. झालं. पोरीच्या नावाची चावी दुकानातल्या ब्राउझरमध्ये राहिली, आणि पोरगी बाहेर.

तर आमचा कॉम्प्युटर. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, २०१२ मध्ये घेतलेला. विंडोज ७, दोन जीबी रॅम. माझं एमएस-सीआयटी त्याच्यावरच झालं. नंतर सगळ्यांच्या हातात फोन आले आणि त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर चढलं. २०१७ नंतर कुणी त्याला हात लावला नव्हता. वर फुलदाणी ठेवलेली होती.

धूळ झटकली, बटण दाबलं. चालू झाला! अण्णा एकदम खूश. पण क्रोम उघडला तर कुठलीच वेबसाईट उघडेना. सगळीकडं लाल खूण आणि एकच तक्रार, तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही. मला वाटलं व्हायरस. अण्णा म्हणले, "नेट संपलं असेल." फोनचा हॉटस्पॉट तर व्यवस्थित चालू होता.

चूक कुठं होती सांगू? खाली कोपऱ्यात तारीख बघितली तर १ जानेवारी २०१०.

कॉम्प्युटरच्या आत मदरबोर्डवर एक बटणासारखा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. कॉम्प्युटर बंद असला तरी घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो संपला की कॉम्प्युटर तारीख विसरतो. आता तारखेचा आणि वेबसाईटचा काय संबंध? तर प्रत्येक सुरक्षित वेबसाईटकडं एक प्रमाणपत्र असतं. एसटीच्या पाससारखं समजा. या तारखेपासून त्या तारखेपर्यंत चालेल असं त्याच्यावर लिहिलेलं असतं. ब्राउझर म्हणजे कंडक्टर. कंडक्टरच्या खिशातलं कॅलेंडरच २०१० चं असेल, तर तो सगळ्यांचे पास खोटे म्हणणार. पास बरोबर असतो, कॅलेंडर चुकलेलं असतं.

तारीख हातानं नीट केली, दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याकडून सेल आणून टाकला. पहिला प्रश्न सुटला. तुमच्याकडं असा बंद पडलेला डबा असेल तर ब्राउझरला शिव्या द्यायच्या आधी तारीख बघा.

आता दुसरा प्रश्न. साईट उघडली, पण अर्धी. फॉर्मच्या जागी नुसतं पांढरं पान. कारण क्रोम २०१७ चा आणि वेबसाईट आजची. आजच्या साईट ज्या भाषेत बोलतात त्यातले बरेच शब्द त्या जुन्या क्रोमला कळतच नव्हते. मग म्हणलं अपडेट करू. तर तिथं वेगळीच भानगड. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्ये राम राम केला. त्यानंतर गुगलनंही क्रोमच्या १०९ नंबरच्या आवृत्तीवर विंडोज ७ ची साथ सोडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आला, तो विंडोज १० पासून पुढंच. म्हणजे फार तर १०९ पर्यंत जाता येणार, आणि त्यानंतर सापडलेलं एकही भोक बुजवलेलं नसणार.

मग मी फोनवर शोधायला लागलो, दुसरा कुठला ब्राउझर चालेल? आणि इथं मला एक गोष्ट कळली, जी मला आधीच माहीत असायला हवी होती.

ब्राउझर दिसायला दहा आहेत. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी. आपल्याकडं झोहो कंपनीनं २०२३ मध्ये 'उला' काढला. केंद्र सरकारच्या भारतीय ब्राउझर बनवण्याच्या स्पर्धेत २०२५ मध्ये त्याला पहिला नंबर आणि एक कोटीचं बक्षीस मिळालं. पण या सगळ्यांचं इंजिन एकच आहे. ट्रॅक्टरचा रंग लाल, निळा, हिरवा, पण बॉनेट उघडलं तर आत तेच इंजिन, असं काहीसं. त्या इंजिनाचं नाव ब्लिंक, आणि ज्या प्रकल्पात ते बनतं त्याचं नाव क्रोमियम. त्याचा मुख्य कारागीर गुगल. मायक्रोसॉफ्टसारखी कंपनीसुद्धा स्वतःचं इंजिन सोडून जानेवारी २०२० मध्ये एजला क्रोमियमवर घेऊन आली.

त्यामुळं क्रोमियमनं विंडोज ७ सोडलं, की त्याच्या मागं जवळजवळ सगळी रांग तिथून निघून जाते. माझ्याकडं नावं दहा होती, पण रस्ता एकच, आणि तोच बंद.

वेगळं इंजिन असलेले मोठे दोनच उरतात. ॲपलचा सफारी, तो आपल्या विंडोजवर नाही. आणि फायरफॉक्स, त्याचं इंजिन गेको. हा मोझिलाचा. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. तेव्हा जगभर इंटरनेट एक्सप्लोररचं राज्य होतं. आमच्या एमएस-सीआयटीच्या वर्गात तर "इंटरनेट चालू करा" म्हणजे निळ्या 'ई'वर डबल क्लिक करा, एवढंच माहीत होतं. तो 'ई' १५ जून २०२२ ला अधिकृतपणे बंद झाला. एकाचंच राज्य असलं की काय होतं हे लोकांनी तेव्हा बघितलंय. साईट एकाच ब्राउझरसाठी बनवायच्या, बाकीच्यात उघडल्या तर नशीब.

मराठीला तर याचा चांगलाच फटका बसलेला. युनिकोड रुळायच्या आधी बऱ्याच मराठी साईट आपापले फॉन्ट वापरायच्या. एक्सप्लोररमध्ये नीट दिसायचं, दुसरीकडं नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. तेव्हा फायरफॉक्ससाठी 'पद्मा' नावाचं एक एक्स्टेन्शन होतं, ते अशा फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. आज तुम्ही फोनवर मराठी सहज वाचता, ते कुणीतरी असं काम केलेलं असतं म्हणून.

असो, मुद्द्यावर येतो. फायरफॉक्सची एक लांब मुदतीची आवृत्ती असते, ईएसआर म्हणतात तिला. जुलै २०२३ ला आलेली ११५ नंबरची ईएसआर विंडोज ७ आणि ८ वर चालते. मोझिलानं तिची मुदत एकदा नाही, अनेकदा वाढवली. म्हणजे नव्या सोयी नाहीत, पण सुरक्षेची ठिगळं मिळत राहिली. मला तेवढंच पाहिजे होतं.

डाऊनलोड कसं केलं ते सांगतो, कारण इथं लोक फसतात. मी सर्चमध्ये नाव टाकून पहिल्या लिंकवर दाबलं नाही. पहिली लिंक कधीकधी जाहिरात असते, आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्याच साईटवर नेते. फोनवर मोझिलाची साईट पत्ता टाइप करून उघडली, ३२ बिटवाली फाईल घेतली, आणि यूएसबी केबल लावून कॉम्प्युटरवर टाकली. फाईल शंभर एमबीच्या आत. तुमच्या फोनची चार्जिंगची केबलच ही कामं करते, वेगळं काही घ्यायला लागत नाही.

एक नियम मी पाळला, तुम्हीपण पाळा. नवा ब्राउझर टाकला म्हणून जुना लगेच काढायचा नाही. नव्याला लगेच डिफॉल्टपण करायचं नाही. नवा बैल घेतला तर आपण पहिल्याच दिवशी जुना बाजारात नेतो का? आधी जुंपून बघतो. माझ्या बाबतीत जुन्यात जीवच नव्हता, पण तुमचा चालू असेल तर पंधरा दिवस दोन्ही ठेवा.

जुंपून काय बघायचं? मी पाच गोष्टी बघितल्या.

पहिली, मराठी. जोडाक्षरं तुटतात का, रफार जागेवर बसतो का. "कार्यकर्ता", "तऱ्हा" असे शब्द टाइप करून बघा. आमच्याकडं नीट आले. फायरफॉक्सचा सगळा मेनूसुद्धा मराठीत करता येतो, आणि तो अनुवाद बराचसा स्वयंसेवकांनी केलाय. बुकमार्कला तिथं "वाचनखुणा" म्हणतात. अण्णांना हा शब्द इतका आवडला की ते आता पेपर वाचतानाही म्हणतात, "इथं वाचनखूण ठेव."

दुसरी, रॅम. दोन जीबीवर काय होणार? आजचे ब्राउझर प्रत्येक साईटला शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवतात. एक बिघडली तर दुसरी बिघडू नये आणि एकीनं दुसरीचं चोरून बघू नये म्हणून. हे चांगलंच आहे, पण खोल्या वाढल्या की जागा लागते. तीन-चार टॅबपर्यंत कॉम्प्युटर बरा चालला, त्याच्या पुढं घाटात भरलेला ट्रक चढावा तसा. तेलगावकडं जाताना आमचा घाट ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल.

तिसरी, जाहिराती. हॉटस्पॉटवर दिवसाला दीड-दोन जीबी मिळणार, त्यातला किती डेटा आपण जाहिराती उतरवण्यात घालवतो! फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन नावाचं एक्स्टेन्शन टाकलं. क्रोमनं एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून हे पूर्ण रूपातलं एक्स्टेन्शन तिथं चालेनासं झालंय. फायरफॉक्समध्ये चालतं. आणि फोनवाल्यांसाठी खास गोष्ट. ॲन्ड्रॉइडच्या फायरफॉक्समध्येही ते टाकता येतं. फोनच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनची सोयच नाही.

चौथी, पाठलाग. बाजारात एक माणूस तुमच्या मागं मागं फिरतोय, तुम्ही भाजीवाल्याकडं काय विचारलं, चपलेच्या दुकानात काय बघितलं, औषधाच्या दुकानात काय घेतलं, सगळं वहीत लिहितोय, असं समजा. साईटवरच्या परक्या कुकी हेच करतात. फायरफॉक्सनं जून २०२२ पासून प्रत्येक साईटच्या कुकीला आपापला डबा दिलाय. भाजीवाल्याच्या डब्यातलं चपलेवाल्याला दिसत नाही. आणि यासाठी सेटिंग बदलायला लागत नाही.

इथंच एक गैरसमज काढून टाकतो. माझे मित्र म्हणतात, "आपण इन्कॉग्निटोत बघतो, कुणाला कळत नाही." अरे बाबांनो, इन्कॉग्निटो तुमच्या फोनवरची हिस्ट्री ठेवत नाही, एवढंच. साईटला कळतं, नेट देणाऱ्या कंपनीला कळू शकतं. याच कारणावरून अमेरिकेत २०२० मध्ये गुगलवर खटला झाला, आणि २०२४ च्या तडजोडीत गुगलला इन्कॉग्निटोतून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी काढून टाकायला तयार व्हावं लागलं.

पाचवी, जे नाही ते. फायरफॉक्सची जाहिरात करायला मी बसलेलो नाही. क्रोम इंग्रजी पान एका बटणावर मराठीत करून दाखवतो. आमच्या ११५ मध्ये ती सोय नव्हती, अण्णांची त्यामुळं चिडचिड झाली. काही साईट फक्त क्रोमवर तपासून बनवलेल्या असतात, त्या इथं अडखळतात. आणि मोझिला म्हणजे कुणी साधुसंत नाही. त्यांची मोठी कमाई गुगलला डिफॉल्ट सर्च ठेवण्याच्या पैशातूनच येते. हे माहीत असलेलं बरं.

आता फॉर्मकडं येतो. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी सात वाजता ती मुलगी आली, सोबत आजी. आजी खाटेवर बसली आणि म्हणली, "काय करायलेत गं हे?" पोरगी म्हणली, "आजी, माझा फॉर्म." आजी म्हणली, "मग नीट कर."

मी एक ठरवलं होतं. माऊसला हात लावायचा नाही. सगळं ती करणार. आधी नवा ईमेल काढला, तिनंच. पासवर्ड तिनंच ठरवला, मी तोंड फिरवलं. तो तिनं वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला आणि वही दप्तरात ठेवली. ब्राउझरनं विचारलं, "पासवर्ड जतन करायचा?" तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "कॉम्प्युटर कुणाचा आहे?" म्हणली, "तुमचा." "मग?" तिनं "नको" वर दाबलं.

फोटो आणि सही अपलोड करताना अडलं. साईटला ठराविक केबीच्या आतली फाईल पाहिजे, आणि फोनचा फोटो तीन-चार एमबीचा. मोबाईलवर हेच होत नव्हतं. पेंट उघडलं, फोटो लहान केला, जेपीजी म्हणून जतन केला. पाच मिनिटांचं काम. विंडोज ७ चं पेंट या बाबतीत अजून तरुण आहे.

मग आला ओटीपी. मोबाईल नंबर कुणाचा दिलेला? वडिलांचा. वडील कुठं? कारखान्यावर. आणि फोन बंद.

साडेसात, आठ, सव्वाआठ. मधेच साईटनं बाहेर काढलं, परत लॉगिन. आजीनं दोनदा विचारलं, "लागला का फोन?" शेवटी मुकादमाला फोन केला. तो म्हणला, "गाडी भरायला गेलेत, येतील." नऊ वाजता फोन आला. वडिलांचा आवाज दमलेला. पोरगी म्हणली, "पप्पा, मेसेज आला असेल बघा, सहा आकडे आहेत." ते म्हणले, "थांब, कुणाला तरी वाचायला लावतो." मागं कोपीवरचा आवाज, बैलांच्या घंटा. मग एक लहान पोरगा आकडे वाचायला लागला, एकेक करून. पहिल्यांदा मुदत संपली. परत पाठवला. दुसऱ्यांदा त्या पोरानं एका दमात सहाही आकडे वाचले.

फॉर्म गेला. स्क्रीनवर हिरवी खूण आली. पोरीनं पप्पांना सांगितलं, "भरला, मीच भरला." तिकडून ते म्हणले, "बरं झालं. जेवलीस का?"

तेव्हा मला वाटलं, मी लई भारी काम केलं. ब्राउझर काय, पासवर्ड काय, सगळं शिकवलं. आता दुसऱ्या दिवशीचं ऐका.

त्याच आठवड्यात मी माझे फोनमधले सगळे पासवर्ड नव्या ब्राउझरमध्ये आणायला गेलो होतो. फोनच्या क्रोममधून पासवर्ड बाहेर काढता येतात. एक सीएसव्ही फाईल तयार होते. ही फाईल म्हणजे साधा तक्ता. साईट, युजरनेम, पासवर्ड. कुलूप नाही, काही नाही, जो उघडेल त्याला सगळं वाचता येतं. माझं काम झालं आणि मी ती फाईल काढायची विसरलो. ती डाऊनलोडच्या फोल्डरमध्ये तशीच.

सकाळी तिच्या फॉर्मची प्रिंट काढायची म्हणून घाईघाईत मी तो आख्खा फोल्डर पेनड्राईव्हवर टाकला आणि झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं पेनड्राईव्ह लावला, एक फाईल उघडली, आणि मला म्हणला, "दादा, हेपण प्रिंट मारायचं का?"

स्क्रीनवर माझं आख्खं आयुष्य. ईमेल, बँक, इन्स्टाग्राम, अण्णांच्या वीजबिलाचं खातं. रांगेत माझ्या मागं चार माणसं.

मी काय बोललो ते आठवत नाही. त्या पोरानंच पटकन फाईल बंद केली, पेनड्राईव्ह काढून हातात दिला. चांगलं पोरगं. पण चांगल्या पोराच्या भरवशावर आपल्या चाव्या राहायला नकोत ना? घरी आलो आणि दुपारपर्यंत एकेक पासवर्ड बदलत बसलो. आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांच्या चाव्या ईमेलवरच येतात. मग बँकेचा. मग उरलेले. त्या फाईलला रिसायकल बिनमधूनही काढलं. आदल्या रात्री मी त्या पोरीला शहाणपण शिकवत होतो, आणि तिची वही दप्तरात सुखरूप होती.

म्हणून आज हा भाग केला. कुठला ब्राउझर चांगला याचं उत्तर माझ्याकडं एकच एक नाही. पण नवा ब्राउझर वापरून बघायचं एक कारण आहे. घर बदलताना कसं, कपाटामागं काय काय पडलंय ते दिसतं, तसं ब्राउझर बदलताना आपल्या चाव्या कुणाकुणाकडं आहेत ते दिसतं. माझ्या किती खात्यांना एकच पासवर्ड होता, हे मला त्या तक्त्यातच पहिल्यांदा दिसलं.

आता दोन गोष्टी प्रामाणिकपणे. एक, आमच्या त्या कॉम्प्युटरवर मी बँकेचं काम करत नाही. ब्राउझरला ठिगळं मिळाली तरी खालचं विंडोज ७ जुनंच आहे. दार नवं बसवलं म्हणून पोखरलेली भिंत मजबूत होत नाही. आणि त्या ईएसआरची मुदतपण काही कायमची नाही, म्हणून त्याच्यावर हलकं लिनक्स टाकायचा विचार आहे. जमलं तर त्याचा वेगळा भाग करू. दोन, ज्यांच्याकडं विंडोज १० आहे त्यांनी निवांत राहू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचीही नेहमीची मुदत संपली. जे आमच्या सातचं झालं ते उद्या तुमच्या दहाचं होणार आहे.

तुमच्याकडं कॉम्प्युटर नसेल, नुसता फोन असेल, तरी आज रात्री तीन कामं करा. फोनच्या ब्राउझरमध्ये जतन केलेल्या पासवर्डची यादी उघडून बघा. ईमेलमध्ये जाऊन तुमचं खातं कुठल्या कुठल्या डिव्हाइसवर उघडं आहे ते बघा, आणि ओळखीचं नसेल तिथून बाहेर पडा. दुकानात, कॉलेजच्या लॅबमध्ये कधी लॉगिन केलं असेल तर ते तिथंच सापडेल. आणि तिसरं, फॉर्म दुकानात भरायचाच असेल तर भरा, पण ईमेल तुमचा, पासवर्ड तुम्ही टाकलेला, आणि "जतन करू का" ला नाही म्हणायचं. दुकानदार रागावत नाही. मी विचारून बघितलंय.

ती मुलगी आता आमच्याकडं अधूनमधून येते. मागच्या महिन्यात गल्लीतल्या दुसऱ्या एका पोरीला घेऊन आली. तिचा फॉर्म होता. मी खुर्ची पुढं करत होतो, तर ती मला म्हणली, "दादा, तुम्ही बसा. मी सांगते तिला."

बसलो मग. आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात असा जुना कॉम्प्युटर असेल आणि तुम्ही चालू करून बघितला, तर काय झालं ते मला नक्की कळवा. आणि चालू करताना तारीख बघा आधी. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.